समुद्राची हवा, जमिनीची हवा

वायुराशी म्हणजे शेकडो, कधी हजारो किलोमीटर पसरलेला हवेचा असा साठा, ज्यात एका ठरावीक उंचीवर तापमान आणि ओलावा जवळपास सारखा असतो. विस्तीर्ण समुद्रावर किंवा वाळवंटावर हवेचा बरेच दिवस मुक्काम पडला, की तिथला गुण तिला लागतो. समुद्रावरची हवा दमट होते, वाळवंटातली कोरडी, ध्रुवाकडची थंडगार. पुढे सरकताना ती हे गुण बरोबर नेते आणि वाटेत हळूहळू बदलते.

दोन वायुराशी भेटल्या तरी लगेच मिसळत नाहीत. थंड हवा जड असल्याने पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते. वर ढकललेली उबदार हवा निवते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. या सरहद्दीला सीमापृष्ठ म्हणतात. थंड हवा चाल करून आली तर पाऊस जोरदार पण थोडा वेळ पडतो. उबदार हवा थंड हवेवर सावकाश चढत गेली तर रिपरिप तासन्‌तास चालते. नॉर्वेतील बर्गेन शहरातल्या शास्त्रज्ञांनी, विशेषतः याकोब ब्यर्कनेस यांनी 1919च्या सुमारास हे चित्र मांडले, आणि युरोपातील हवामानाचे नकाशे त्यावर उभे राहिले.

वसई-विरारला हे चित्र जसेच्या तसे लागू होत नाही. साडेएकोणीस अंश अक्षांशाच्या आसपास भेटणाऱ्या हवांच्या तापमानात फार तफावत नसते. उत्तरेची थंड हवा इथे पोहोचेपर्यंत बरीच उबदार झालेली असते. इथला खरा फरक ओलाव्याचा आहे. किनाऱ्यावरच्या या पट्ट्यात समुद्राची हवा आणि जमिनीची हवा यांतली कोण वरचढ, यावर दिवस ठरतो.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हे सर्वांत स्पष्ट जाणवते. पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. जमीन तापली की दुपारच्या सुमारास खारा वारा सुरू होतो. त्याच्या पुढच्या कडेला समुद्राची थंड, दमट हवा तापलेल्या हवेखाली शिरत जाते. हे छोटेसे सीमापृष्ठच होय. ते आधी अर्नाळा, राजोडी, भुईगाव ओलांडते आणि मग पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराकडे सरकते. ते जाताच पारा उतरतो, घाम मात्र वाढतो. पूर्वेचे वारे जोरकस असले तर खारा वारा उशिरा येतो, आणि त्या अवधीत दख्खनची कोरडी हवा किनारा भाजून काढते. मुंबईत सांताक्रूझला 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश तापमान नोंदले गेले. मार्चमधल्या अशा उन्हाळ्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून जातात. त्यांच्या मागोमाग उत्तरेची कोरडी, थंड हवा राजस्थान-गुजरातमार्गे खाली उतरते. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझचा पारा 7.4 अंशांवर आला होता. जानेवारी 2022 मध्ये अशाच वाऱ्यांनी पाकिस्तानातली धूळ मुंबईपर्यंत आणली. उलट, झंझावात आणि अरबी समुद्रातली दमट हवा यांची गाठ पडली तर अवकाळी पाऊस होतो. डिसेंबर 2021च्या सुरुवातीला मुंबई आणि उत्तर कोकणात तो झाला. उन्हावर सुकणारी मासळी आणि कोरड्या हवेवर चालणारी मिठागरे यांना अशी एक सरही महागात पडते.

पावसाळ्यात मात्र सरहद्दीचा प्रश्नच जवळजवळ उरत नाही. विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावरून आलेली, कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत ओलीचिंब असलेली एकच वायुराशी सगळीकडे व्यापून असते. मुंबईत ती सर्वसाधारणपणे 11 जूनला पोहोचते. तिच्यातून पाऊस पडतो तो सह्याद्रीच्या चढामुळे आणि किनाऱ्यालगतच्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे. थंड-गरम हवेच्या टकरीची त्याला गरज नसते. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रेल्वेरूळ पाण्याखाली गेले, तेव्हाही वर हीच मोसमी हवा होती.

ऑक्टोबरमध्ये वायव्येची कोरडी हवा तिची जागा घेते. मुंबईपुरती माघारीची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. माघार जाहीर करताना हवामान खाते पाऊस थांबल्याचे तर पाहतेच, शिवाय हवेतला ओलावा खरोखर घटला आहे का, म्हणजे वायुराशी बदलली आहे का, हेही तपासते.