चित्रकलेचा श्रीगणेशा : तीन रंग पुरेत

शाळेचे नवीन वर्ष सुरू झाले की पालक विचारतात, "गुरुजी, मुलांना रंगांची कोणती पेटी घ्यावी? बाराची की चोविसाची?" प्रारंभी तीनच रंग घ्यावेत, सोबत पांढरा घ्यावा, आणि बाकीचे रंग मुलांनी आपल्या हाताने तयार करावेत, असे आमचे मत आहे. यात पैसे वाचतात हे खरेच. पण मोठा लाभ निराळा आहे. हिरव्या रंगाची तयार नळी हाताशी असली की मूल ऊस, आंबा आणि फिलाओ ही सारी एकाच हिरव्याने रंगवून मोकळे होते. हिरवा स्वतः करावा लागला, तर तो कोणता हिरवा हे ठरवण्यासाठी त्याला झाडाकडे पाहावेच लागते. चित्रकलेचे अर्धे शिक्षण या पाहण्यात आहे.

तांबडा, पिवळा व निळा हे शाळेत शिकवले जाणारे तीन मूळ रंग. तांबडा व पिवळा मिळून नारिंगी, पिवळा व निळा मिळून हिरवा, निळा व तांबडा मिळून जांभळा होतो. हे तीन दुय्यम रंग. हे सहा रंग क्रमाने वर्तुळात मांडले की रंगचक्र तयार होते. सूर्यप्रकाशातील रंग वर्तुळात मांडून दाखवण्याचे काम न्यूटनने आपल्या १७०४ सालच्या ग्रंथात केले होते.

येथे नवशिक्यांना एक अडचण हमखास येते. तांबडा व निळा मिसळूनही जांभळा न होता मळकट तपकिरी होतो. याचे कारण सोपे आहे. तांबडा शेंदरी वळणाचा असला तर त्यात पिवळ्याचा अंश असतो. म्हणजे तिन्ही रंग एकत्र आले आणि मळ झाला. म्हणून तांबडा घेताना किरमिजी घ्यावा, जो दुकानात कार्मिन नावाने मिळतो. छापखानेही किरमिजी-गुलाबी, आकाशी निळा व पिवळा याच तीन शाया वापरतात आणि जोडीला काळी घेतात.

रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग एकमेकांचे विरोधी समजावेत : तांबड्यासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. शेजारी ठेवले तर ते एकमेकांना उठाव देतात. वर्षाच्या अखेरीस आपल्या बेटावर फुलणारा फ्लांबोयां, म्हणजे आपला गुलमोहर, हिरव्या पानांमुळेच इतका पेटलेला दिसतो. मात्र हेच विरोधी रंग मिसळले तर एकमेकांचे तेज मारतात व मातकट छटा देतात. शामारेलच्या सप्तरंगी मातीचे चित्र काढावयाचे असेल तर हीच युक्ती कामी येते. सावलीसाठी काळा ओतण्याची सवय मुलांना लावू नये. तांबड्या छपराच्या सावलीत किंचित हिरवा मिसळून पाहावा. सावली जिवंत राहते.

शेजारामुळे रंग कसा बदलतो, याचा शोध विणकामाच्या कारखान्यात लागला हे वाचून नवल वाटेल. पॅरिस येथील गोबलें या कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगविभागाचे प्रमुख होते. काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासता काळा रंग चोख निघाला. शेजारच्या निळ्या व जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो, हे त्यातील सार होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रंगाचे नाव एक, त्याचा उजळपणा वेगळा. १२ मार्च १९६८ रोजी फडकलेल्या आपल्या चौरंगी झेंड्याचे कृष्णधवल छायाचित्र डोळ्यांपुढे आणा. पिवळा पट्टा सर्वांत उजळ, निळा सर्वांत गडद, आणि तांबडा व हिरवा जवळजवळ सारखेच राखाडी दिसतील. अंतराचाही रंगावर परिणाम होतो. दूरचा कोर दे गार्द डोंगर निळसर दिसतो, तो हवेमुळे. तो पानांसारखा हिरवा रंगवला तर उशाशी आल्यासारखा वाटेल.

शेवटी शब्दांविषयी. आपली मुले हिरव्या रंगाला नुसते "वेर" म्हणतात. आजीजवळ मात्र पोपटी, शेवाळी, मोरपंखी असे कितीतरी हिरवे आहेत. डाळिंबी, अंजिरी, आमसुली हे निराळेच. ज्यांच्या घरी महाराष्ट्रातून आणलेली पैठणी असेल त्यांनी ती मुलांना उजेडात हलवून दाखवावी. उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा असला की पदर हलताच छटा पालटते. दोन छटांना दोन नावे ठाऊक असली की त्यांतला फरकही चटकन डोळ्यांत भरतो. आजी गेली आणि नावे गेली, तर तो फरक मुलांना कोण दाखवणार?

येत्या रविवारी एक जुनी बशी, तीन रंग आणि उसाचे एक पान घेऊन घरच्या मुलांना बसवा. पानाला जुळतील असे दहा हिरवे त्यांना करू द्या. प्रत्येकाखाली मराठी नाव लिहवून घ्या. जे सुचणार नाही ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारायला लावा.