वर्गणीतला टी-शर्ट

सहा जूनचा शिवराज्याभिषेक दिन जवळ आला की महाड-पोलादपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एखादी लिंक फिरते: रायगडावर घालायला टी-शर्ट, आगाऊ नोंदणी, ठरलेले नग भरले तरच छपाई. 2011 मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात एक बार बंद पडला. त्याच्या आठवणीचे शर्ट छापायला दोन तरुणांनी हीच पद्धत वापरली आणि पुढे त्यातून ‘टीस्प्रिंग’ ही साइट उभी राहिली. म्हणजे वर्गणीच. फक्त वर्गणीचा खजिनदार आपल्या आळीत राहतो, साइटचा नाही.

‘चित्र काढणाऱ्याचं काय जातंय?’ भांडवल जात नाही, हे खरं. पण कापड-छपाईचा दर साइट ठरवते, त्यावर जे उरेल ते चित्रकाराचं. पहिल्याच धुण्यात रंग गेला तर शिव्या मात्र त्याला. हक्कावरून कुणी तक्रार केली, तर विक्री थांबते आणि पैसेही अडकू शकतात.

‘महाराज सगळ्यांचे, त्यांचं चित्र कुणीही छापावं.’ इथे भलेभले फसतात. बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा 1950 चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र, दोन्ही आहेत. व्यापारासाठी वापरायचं तर केंद्र सरकारची आधी परवानगी हवी. असे शर्ट सर्रास विकले जातात, पण म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. उमरठच्या तानाजींचं चित्र स्वतः काढलंत तर त्याचा स्वामित्वहक्क तुमचा. 2020 च्या चित्रपटातला तानाजी उचललात तर गाठ निर्मात्याशी. महाड सत्याग्रहाच्या स्मरणासाठी चवदार तळ्यावर 20 मार्चला घालायच्या शर्टाचंही तसंच. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या बहुतेक छायाचित्रांची स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे, पण आजच्या चित्रकाराने रंगवलेले बाबासाहेब त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं सुटत नाहीत. नेटवर सापडलं म्हणजे फुकट, हे डोक्यातून काढलेलं बरं.

आता घेणाऱ्याकडे. ‘आज पैसे भरले, आठवड्यात शर्ट.’ या पद्धतीत छपाई सुरू होते ती नोंदणी बंद झाल्यावर. मेच्या अखेरीस नोंदणी संपणार असेल तर सहा जून विसरा. शिवाय पोलादपूरच्या वाडीपर्यंत कुरियर येईलच असं नाही.

‘खास बनवून घेतलेला माल परत होत नाही.’ साइटवर तसं लिहिलेलं असतं खरं. पण 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष निघाला, जाहिरातीसारखा नसला किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. अस्मानी संकटाने झालेला उशीर तेवढा वेगळा. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात लागायला हवा. नाहीच लागला तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. एका शर्टासाठी अलिबागच्या ग्राहक आयोगात कोण खेपा घालणार? तक्रार घरबसल्या ऑनलाइनही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पुरावा मात्र लागतो. नोंदणी संपल्यावर ते पान तसंच राहील याचा भरवसा नसतो, म्हणून पैसे भरतानाच तारखेसकट त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.