आमसूल शेवटीच का?

कुळथाचं सार म्हणजे कोकणातलं घरगुती सूप. गरम, तिखट, किंचित आंबट. दूध, दही, तूप यांतलं काहीच त्याला लागत नाही. सार करायला शिकवताना घरातलं मोठं माणूस एक ताकीद देतं : "आमसूल शेवटी घाल, नाहीतर कुळीथ शिजायचे नाहीत." ही नुसती रीत, की त्यामागे काही कारण आहे? करूनच पाहूया.

चौघांसाठी एक वाटी कुळीथ (देशावर यांनाच हुलगे म्हणतात) निवडून, धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी त्यातले दोन चमचे प्रयोगासाठी बाजूला काढा. बाकीचे पाच-सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवा आणि पाणी गाळून घ्या. डाळी-कडधान्यांतले क्षार व काही जीवनसत्त्वं शिजताना पाण्यात उतरतात, म्हणून हे पाणी टाकायचं नाही. तेच आपलं सार. शिजलेले दोन-तीन चमचे दाणे वाटून त्यात मिसळा. त्यांतल्या स्टार्चमुळे साराला दाटपणा येतो. उरलेल्या दाण्यांची उसळ होईल.

आता प्रयोग. दोन लहान भांड्यांत एकेक चमचा भिजलेले कुळीथ आणि सारखंच पाणी घ्या. एकात दोन आमसुलं टाका. दोन्ही भांडी एकाच कुकरमध्ये ठेवा, म्हणजे तापमान आणि वेळ सारखीच राहील. फरक फक्त आमसुलाचा. दोन-तीन शिट्ट्यांनंतर कुकर निवू द्या आणि दोन्हींतले दाणे बोटांनी दाबून पाहा. आमसुलाच्या भांड्यातले दाणे जास्त टणक लागतील.

असं का होतं? दाण्यातल्या पेशी पेक्टिनसारख्या पदार्थांनी एकमेकींना चिकटलेल्या असतात. गरम पाण्यात हे पेक्टिन विरघळू लागतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा मऊ पडतो. आम्लामुळे पेक्टिन सुटण्याची ही क्रिया मंदावते. म्हणजे आमसूल आधी घातलं तर वेळही जास्त आणि इंधनही जास्त. चिंच आणि टोमॅटोलाही हाच नियम लागू पडतो.

मग फोडणी. पातेल्यात दोन चमचे तेल तापवा. मोहरी तडतडली की हिंग, सहा-सात ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि दोन सुक्या मिरच्या घाला. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतं. म्हणून मिरची तेलात. पण ती जळू देऊ नका, नाहीतर खकाणा उठेल आणि घरभर ठसका लागेल. लगेच साराचं पाणी ओता. मीठ आणि चार-पाच आमसुलं घालून पाच मिनिटं उकळा.

सार कढत असताना एक घोट घ्या, कोमट झाल्यावर दुसरा. कढत घोट जास्त तिखट लागतो. मिरची तीच, मग असं का? तिखट ही गोड-खारटासारखी चव नाहीच. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर भाजल्याची सूचना देणारा एक संवेदक आपल्या चेतातंतूंवर असतो. कॅप्सायसिन नेमका त्यालाच चेतवतं, म्हणून जीभ भाजल्यासारखी वाटते. आम्लानेही तो अधिक हळवा होतो. गरम, आंबट आणि तिखट असे तिघेही एकच दार ठोठावतात. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हा संवेदक ओळखला. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळालं.

तोंड फार पोळलंच, तर नुसत्या पाण्याने भागणार नाही. नारळाच्या दुधाचा घोट घ्या. त्यातल्या स्निग्धांशात कॅप्सायसिन विरघळतं.

मुलांना घरातल्या अशा आणखी ताकिदी गोळा करून आणायला सांगा. त्यांतल्या काही प्रयोगात टिकतील, काही टिकणार नाहीत. दोन्हींची नोंद वहीत व्हायला हवी.