शिवणयंत्र रुसते तेव्हा

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. मी त्या वेळी सोलापूरच्या एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. सोलापूर म्हटले की चादरींचीच आठवण होते. परंतु शालेय गणवेशांच्या शिलाईचाही मोठा व्यवसाय या शहरात आहे, आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीचे काही आठवडे म्हणजे घरी बसून शिलाई करणाऱ्या भगिनींचा सुगीचा काळ. अशा ऐन हंगामात आमच्या एक खातेदार भगिनी टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, मशीन बिघडलीय. या महिन्याचा हप्ता थोडा पुढं ढकलता येईल का?"

दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने शटल बदलावे लागेल असे सांगितले होते, आणि त्याच्याकडे दहा दिवसांची रांग होती. दहा दिवस यंत्र बंद म्हणजे हातातले गणवेश दुसरीकडे जाणार. यंत्र मोडीत काढून दुसरे घ्यावे, असाही विचार त्यांच्या मनात आला होता. कर्जातून घेतलेले यंत्र बँकेकडे नजरगहाण असते व ते परस्पर विकता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले खरे; पण त्याने शिलाई थोडीच सुरू होणार होती? त्यांनी सोबत कापडाचा एक तुकडा आणला होता. वरची शिलाई ठीक दिसत होती. तुकडा उलटा केला तर खाली दोऱ्याचे जाळे.

वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शटलचा समावेश नसतो. मात्र माझ्या आईने वीस वर्षे घरी ब्लाऊज शिवले आहेत. मी तिला दूरध्वनी केला. तिने एकच प्रश्न विचारला, "गुंता वर आहे की खाली?" खाली आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग वरचा दोरा बघायला सांग. प्रेसर फूट वर उचलून पुन्हा ओवायचा. आणि सुई नवी घालायची. शटलला हात लावू नका म्हणावं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भगिनींचा निरोप आला, मशीन चालू झाली. खर्च एका सुईचा.

गुंता खाली आणि दोष वर, हे मला त्या दिवशी चमत्कारिक वाटले होते. त्यामागचे कारण समजून घेतले की घरगुती शिवणयंत्राच्या बहुसंख्य तक्रारींचा उलगडा होतो, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

हाताने शिवताना एकच दोरा कापडाच्या आरपार जातो. यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईच्या नेढ्यातून येतो, खालचा बॉबिनमधून. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर येऊ लागली की वरच्या दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. शटलचे टोक नेमके त्याच क्षणी तो फास पकडते, बॉबिनभोवती फिरवते आणि दोन्ही दोऱ्यांची अढी पडते. मग वरची दोरा-खेच ती अढी ओढून कापडाच्या जाडीत मधोमध बसवते. दोन्ही दोऱ्यांचा ताण समान असला तरच ती मध्यावर राहते. वरचा दोरा सैल असेल तर खालचा त्याला आपल्याकडे ओढतो आणि तो जादा दोरा कापडाच्या पोटाखाली साचतो. म्हणजे ज्या बाजूस गुंता दिसतो, तिच्या विरुद्ध बाजूचा दोरा सैल. आम्हा हिशेबनिसांना हे नवे नाही; तेरीज जुळत नाही तेव्हा फरक जमेकडे दिसतो आणि चूक नावेकडे सापडते!

वरचा दोरा सैल का पडतो? त्याचा ताण दोन गोल चकत्यांमधून मिळतो. प्रेसर फूट वर उचललेले असताना या चकत्या एकमेकींपासून सुटतात व ते खाली टेकले की घट्ट मिटतात. फूट खाली असताना दोरा ओवला तर तो चकत्यांच्या आत न शिरता नुसता कडेवर राहतो. डोळ्यांना सारे यथास्थित दिसते, ताण मात्र शून्य. याची परीक्षा सोपी आहे. दोरा ओवल्यावर फूट वर ठेवून तो ओढून पाहावा, सहज आला पाहिजे. फूट खाली टेकवून पुन्हा ओढावा, आता हाताला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच येत असेल, तर दोरा चकत्यांत नाही किंवा चकत्यांमध्ये सुताचा कचरा अडकला आहे.

इतके पाहण्यापूर्वीच पुष्कळजण ताणाचा स्क्रू पिळू लागतात. तेथेच खरा घोटाळा सुरू होतो. मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात चुकीच्या ताणाची भर पडते. स्क्रूकडे सर्वांत शेवटी वळावे, आणि वळण्यापूर्वी त्याच्या खाचेची दिशा कागदावर टिपून ठेवावी, म्हणजे पूर्वस्थितीवर येता येते. ताण पारखण्यासाठी वर एका रंगाचा व खाली दुसऱ्या रंगाचा, परंतु एकाच जातीचा दोरा घालून दुपदरी कापडावर शिवून पाहावे. खालच्या बाजूस वरच्या रंगाचे ठिपके दिसले तर वरचा ताण कमी, आणि वरच्या बाजूस खालचा रंग दिसला तर वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी. बॉबिनच्या डबीचा ताण पाहायचा तर बॉबिन आत बसवून डबी दोऱ्याला लोंबकळत ठेवावी. ती आपल्या वजनाने सरकन खाली येऊ नये आणि हलका झटका दिल्यास थोडी सरकावी. तशी न सरकल्यास प्रथम डबीवरच्या पोलादी पट्टीखाली साचलेले सूत काढावे. पुष्कळदा स्क्रूला हात लावण्याची वेळच येत नाही.

आता सुई. यंत्राचा हा सर्वांत स्वस्त भाग, आणि कदाचित म्हणूनच सर्वाधिक दुर्लक्षित. सुई मोडेपर्यंत बदलायची नसते, अशी एक समजूत घरोघरी आढळते. वास्तविक आठ-दहा तासांच्या शिवणकामानंतर तिचे टोक बोथट होऊ लागते. टाके सुटणे, कापडाचे धागे ओढले जाणे, शिवताना टक-टक असा आवाज येणे ही तिची लक्षणे. वाकलेली सुई नुसत्या नजरेस कळत नाही. तिची चपटी बाजू आरशावर टेकवून धरावी. मधली फट टोकापर्यंत सारखी असेल तर सुई सरळ.

सुई बसवतानाही चूक होते. तिच्या एका अंगाला दांड्यापासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूस ही खाच आली पाहिजे आणि चपटी बाजू शटलकडे. सुई पूर्ण वरपर्यंत चढवून मगच स्क्रू आवळावा. किंचित खाली राहिली तरी शटलला फास सापडत नाही आणि टाके सुटतात. काही यंत्रांच्या सुईचा दांडा संपूर्ण गोल असतो, त्या सुया घरगुती यंत्रास चालत नाहीत. दुकानात जाताना जुनी सुई बरोबर न्यावी. क्रमांकही पाहावा. मलमलीसारख्या तलम कापडास ११, गणवेशाच्या सुती-मिश्र कापडास १४, जीन्ससारख्या जाड कापडास १६ किंवा १८. ताणल्या जाणाऱ्या होजिअरीसाठी गोलसर टोकाची सुई वेगळी मिळते. साध्या सुईने टी-शर्ट शिवून यंत्राला दोष देणे व्यर्थ आहे.

दोऱ्याबद्दल थोडेच. वर्षानुवर्षे डब्यात पडलेला सुती दोरा दमटपणाने कुजतो. हाताने ओढल्यास सहज तुटत असेल तर तो यंत्रात तुटणारच.

काही बिघाड तर बिघाडही नसतात. बॉबिन भरताना चाकाच्या मध्यावरील गोल चकती सैल केली जाते, जेणेकरून सुई न हलता केवळ चाक फिरावे. ती पुन्हा आवळण्याचे राहून गेले की चाक गरगर फिरते आणि सुई जागची हलत नाही. पायडलवर नव्याने बसणाऱ्यांकडून चाक उलटे फिरते व दोरा गुंततो. साधारणपणे चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येईल असेच ते फिरले पाहिजे. कापड पुढे सरकत नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर तर नाही ना, आणि कापड सरकवणारे दाते खाली तर केलेले नाहीत ना, हे आधी पाहावे. दात्यांच्या खोबणीत सुताचा नमदा जमून बसलेला असतो, तोही काढावा. कापड हाताने मागून ओढू नये. त्याने सुई वाकते व खालच्या पट्टीवर आपटून मोडते.

यंत्र जड चालत असल्यास बहुधा स्वयंपाकघरातले तेल कारणीभूत असते. खोबरेल किंवा गोडेतेल काही दिवस बरे चालते, मग वाळून चिकट होते व सांधे धरून ठेवते. शिवणयंत्राचेच तेल वापरावे, प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब पुरेत. चिकटलेले तेल सोडवण्यासाठी जुने कारागीर रॉकेलचे थेंब टाकून यंत्र रिकामे फिरवतात, पुसतात आणि मग ताजे तेल देतात. हे करायचे तर चुलीपासून दूर. विजेच्या यंत्राची पिन कोणत्याही कामापूर्वी काढून ठेवावी, आणि मोटार स्वतः उघडू नये. अलीकडच्या काही यंत्रांना घरी तेल घालावयाचे नसते, म्हणून माहितीपुस्तिका जपून ठेवावी.

एवढे करूनही टाका पडत नसेल, विशेषतः जाड कापडावर सुई मोडून यंत्र अडकल्यानंतर, तर सुई आणि शटल यांच्या गाठीची वेळ चुकली असण्याची शक्यता असते. ते काम जाणकार कारागिराचेच. त्याच्याकडे यंत्र देताना बिघाड दाखवणारा कापडाचा तुकडा सोबत द्यावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि पावती घ्यावी.

शिवणयंत्र आणि हप्ता यांचे नाते, जाता जाता सांगावेसे वाटते, फार जुने आहे. आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पण ते सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होते. त्यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये हप्त्याने विक्री सुरू केली, तेव्हा ते घरोघरी पोहोचले. यंत्राने कमवावे आणि त्यातून हप्ता भरावा, हा तेव्हाचा हिशेब आजही तसाच आहे. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली व तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश झाला. शाखेत अर्ज घेऊन येणाऱ्यांना मी आता कोटेशनबरोबर एक प्रश्न विचारतो, सुया किती घेतल्या? कित्येकांना तो थट्टेचा वाटतो. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि त्या नव्वदांपैकी पहिले दहा दिवस एखाद्या बोथट सुईपायी गेलेले मी पाहिले आहेत.

सोलापूरच्या त्या भगिनींच्या घरी नंतर तपासणीसाठी गेलो असता यंत्राशेजारी बिस्किटांचा एक रिकामा डबा दिसला. आत चौदा नंबरच्या सुयांची पाकिटे, दात घासायचा जुना ब्रश, लहान स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची कुपी. शेजारी चिंध्यांची एक पिशवी होती. तेल घातल्यावर पहिली शिलाई चिंधीवरच करायची असते, नाहीतर डाग नेमका गणवेशाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडतो, असे त्यांनीच मला सांगितले.