साखर उद्योग आणि शाश्वत उत्पादन : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या गळीत हंगामापासून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचे अर्थकारण सहकारी साखर उद्योगाशी जोडले गेले. हा उद्योग दीर्घकाळ टिकवावयाचा असेल, तर त्याच्या उत्पादनप्रक्रियेचा पुनर्विचार आवश्यक ठरतो.

एक टन उसापासून साधारणतः १०० ते ११० किलो साखर मिळते. त्याचबरोबर सुमारे २८० किलो बगॅस, ४० किलो मोलॅसिस आणि ३० ते ४० किलो प्रेसमड उरते. बगॅस उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये जाळल्यास त्याच वाफेवर प्रथम वीज निर्माण होते व नंतर रस आटविला जातो. मोलॅसिसपासून इथेनॉल मिळते. मात्र एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निर्माण होतो. प्रक्रियेविना सोडल्यास तो विहिरी व ओढे दूषित करतो. त्यापासून बायोगॅस मिळविणे आणि उर्वरित भागाचे प्रेसमडसह कंपोस्ट करणे हा त्यावरील उपाय होय.

उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. रस आटविताना निघणारी वाफ थंड करून ते पाणी पुन्हा वापरल्यास ताज्या पाण्याची गरज बरीच घटते. तथापि, पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात पाण्याचा खरा व्यय कारखान्यात नव्हे, तर शेतात होतो. म्हणून ठिबक सिंचनाचा प्रसार हाही कारखान्याच्या उत्पादननियोजनाचाच भाग मानला पाहिजे. अन्यथा कारखान्याच्या आवारातील सुधारणा अपुऱ्या ठरतील.