शेकरमधला बर्फ वितळायलाच हवा

घरी कॉकटेल किंवा मॉकटेल (मद्य नसलेले मिश्र पेय) करताना बरेच जण शेकरमध्ये (घट्ट झाकणाच्या, हलवायच्या भांड्यात) बर्फाचे दोनच खडे टाकतात. बर्फ वितळून पेय पाणचट होईल, ही भीती स्वाभाविक आहे. परिणाम मात्र उलटा होतो.

पेय गार होते ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळेच. एक ग्रॅम बर्फाचे पाणी होताना सुमारे ८० कॅलरी सुप्त उष्णता (तापमान न बदलता अवस्था बदलायला लागणारी उष्णता) शोषली जाते. धाराशिवच्या उन्हाळ्यात माठही असाच काम करतो: पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना आतली उष्णता जाते. शेकरमधले दोनच खडे मात्र पूर्ण वितळूनही पेय कोमटसर राहते, मग पेल्यात आणखी बर्फ पडतो आणि चव खरोखरच फिकी होते. फ्रीजरमधून थेट काढलेला भरपूर बर्फ वितळण्याआधीही थोडी उष्णता ओढून घेतो.

हे करून पाहायला द्राक्षांचे पेय चांगले; धाराशिवजवळच्या तुळजापूर भागात द्राक्षबागा आहेत. दोघांसाठी वाटीभर गाळलेला द्राक्षरस, एका लिंबाचा रस, पुदिन्याची चार-पाच पाने आणि चिमूटभर मीठ घ्या. शेकर बर्फाने जवळजवळ भरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा. हलवल्याने हवा मिसळून वर हलका फेसही येतो, आणि मला तोच सर्वांत आवडतो. चहाच्या गाळणीने थंड पेल्यात गाळून लगेच द्या. सोडा हवा असेल तर पेल्यातच घाला. शेकरमध्ये त्याच्या दाबाने झाकण उडू शकते.