टायरसाठी हवेचा पंप घेताना

कल्याणच्या बाजारात बॅटरीवरचा हवेचा पंप घ्यायला गेलात, तर डब्यावरच्या ‘१५० पाऊंड’ या आकड्याला भुलू नका. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतात साधारण १२ ते १५ पाऊंड पुरतात. पण टायर मोठा. म्हणून पंप मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि न थांबता किती वेळ चालतो, ते विचारा. लहान पंप तापून बंद पडतो. चिमटे १२ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडा, इंजिन चालू ठेवा. नांगरटीसाठी हवा कमी केली असेल, तर मुरबाड रस्त्याला लागण्यापूर्वी पुस्तिकेप्रमाणे भरा. कमी हवेचा टायर डांबरीवर तापून फाटतो. हवा गेजनेच मोजा, लाथ मारून नव्हे!